सेरो सर्वेक्षण: दाटीवाटीच्या शहरात विषाणू किती पसरला, हे रक्तावरून कसं कळतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

२०२० च्या जुलैमध्ये मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये ५७ टक्के लोकांना कोरोना होऊन गेल्याची बातमी आली आणि तेव्हापासून ‘सेरो सर्वेक्षण’ हा शब्द घरोघरी पोचला. शब्द पोचला, अर्थ मात्र अर्धवटच पोचला. त्या आकड्यांवरून तेव्हा जे निष्कर्ष काढले गेले, त्यातले काही महागात पडले. म्हणून लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहे. उदाहरणं मुख्यतः मुंबई, पुणे आणि दिल्लीची आहेत.

सेरो सर्वेक्षण म्हणजे नेमकं काय?

एखादा विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रथिनं तयार करतं. त्यांना प्रतिपिंडं किंवा अँटीबॉडी म्हणतात. विषाणू निघून गेल्यावरही ती रक्तात काही महिने, काही आजारांत तर आयुष्यभर राहतात. वस्तीतल्या काही लोकांचं रक्त घेऊन किती जणांत ही प्रतिपिंडं आहेत ते मोजायचं आणि त्यावरून साऱ्या वस्तीत संसर्ग किती झाला असेल याचा अंदाज बांधायचा, हे सेरो सर्वेक्षण. ‘सेरो’ म्हणजे सीरमशी, रक्तातल्या पेशी काढून घेतल्यावर उरणाऱ्या द्रवाशी संबंधित.

आरटी-पीसीआर चाचणी आज नाकाघशात विषाणू आहे का ते सांगते. प्रतिपिंडांची चाचणी तो कधीतरी येऊन गेला का ते सांगते. चोर घरात असताना पकडणं वेगळं आणि तो गेल्यावर पावलांचे ठसे शोधणं वेगळं.

रोज रुग्णसंख्या जाहीर होत होती, मग याची गरज काय?

रोजची रुग्णसंख्या म्हणजे चाचणी झालेल्यांपैकी बाधित निघालेले लोक. ज्याला लक्षणंच नव्हती, जो अंगावर काढून कामावर गेला, विलगीकरण केंद्रात नेतील या धास्तीने जो गप्प राहिला, तो त्या संख्येत नाही.

दिल्लीचं उदाहरण घ्या. २७ जून ते १० जुलै २०२० या काळात तिथे २१,३८७ नमुने तपासले गेले आणि २३.४८ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली. दिल्लीची लोकसंख्या सुमारे दोन कोटी धरली तर हे ४५ लाखांहून जास्त लोक होतात. निकाल जाहीर झाला तेव्हा शहरात नोंदलेले रुग्ण होते सव्वा लाखाच्या आसपास.

देशपातळीवर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे-जून २०२० मध्ये पहिलं सर्वेक्षण केलं. २१ राज्यांतले ७० जिल्हे, २८,००० प्रौढ माणसं. प्रतिपिंडं मिळाली फक्त ०.७३ टक्के लोकांत, पण तेवढ्यावरूनही दिसलं की नोंदलेल्या एका रुग्णामागे ८२ ते १३० जणांना संसर्ग झालेला असावा. हे प्रमाण ऑगस्ट-सप्टेंबरच्या दुसऱ्या फेरीत २६ ते ३२ वर आलं, कारण मधल्या काळात चाचण्या वाढल्या. आपली चाचणीव्यवस्था किती जणांना गाठते आणि किती जण निसटतात, हे असं बाहेरूनच मोजावं लागतं. मला सेरो सर्वेक्षणाचा हा उपयोग सगळ्यात मोलाचा वाटतो.

‘मुंबईत ५७ टक्के’ म्हणजे निम्म्याहून जास्त मुंबईला कोरोना होऊन गेला होता का?

नाही. ही चूक इतकी पसरली की सविस्तर उत्तर द्यायला हवं.

ती पहिली फेरी नीती आयोग, मुंबई महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून केली. नमुने घेतले होते तीन विभागांतून: आर उत्तर म्हणजे दहिसरचा भाग, एम पश्चिम म्हणजे चेंबूरकडचा आणि एफ उत्तर म्हणजे माटुंगा-शीव-वडाळा. पालिकेचे विभाग तेव्हा होते २४. ८,८७० नमुने घ्यायचं ठरलं होतं, मिळाले ६,९३६. त्यात झोपडपट्टीतल्या ५७ टक्के आणि झोपडपट्टीबाहेरच्या १६ टक्के लोकांत प्रतिपिंडं आढळली.

म्हणजे हे दोन आकडे तीन विभागांचे आणि दोन निरनिराळ्या वस्त्यांचे आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईतली सुमारे ४१ टक्के कुटुंबं झोपडपट्टीत राहतात. बाकीचे लोक चाळीत, सोसायटीत, वसाहतींत. एक आकडा उचलून शहराला चिकटवला की उरलेले मुंबईकर हिशोबातून गायब होतात.

आणखी एक गोष्ट. हा आकडा अनेकांनी धारावीच्या नावावर खपवला. धारावी जी उत्तर विभागात येते आणि तो विभाग त्या फेरीत नव्हताच. धारावीत साथ आटोक्यात आली त्यामागे घरोघर तपासणी, विलगीकरण आणि तिथल्या खासगी डॉक्टरांपासून आरोग्य सेविकांपर्यंत अनेकांचे कष्ट होते. ते सगळं बाजूला सारून ‘तिथे सगळ्यांना होऊन गेला म्हणून थांबला’ असं म्हणायला या सर्वेक्षणाचा आधार घेता येत नाही.

झोपडपट्टीत ५७ आणि बाहेर १६? एका रस्त्याच्या दोन बाजूंना इतका फरक कसा?

अंतर राखायला आधी जागा लागते. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसं राहतात तिथे एकाला संसर्ग झाला की बाकीच्यांना वेगळं ठेवणार कुठे? त्यात शौचालय सामायिक. टाळेबंदीत बाजार बंद झाले, लोकल थांबल्या, पण शौचालयाची रांग थांबली नाही.

हे नुसतं तर्काने सांगत नाही, पुण्याच्या सर्वेक्षणात ते स्पष्ट दिसलं. २० जुलै ते ५ ऑगस्ट २०२० या काळात आयसर ही विज्ञान संशोधन संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि महापालिका यांनी इतर संस्थांच्या मदतीने जास्त रुग्ण असलेल्या पाच प्रभागांतून १,६६४ नमुने घेतले. सरासरी ५१.५ टक्के निघाली. लोहियानगर-कासेवाडीत ६५.४ टक्के, तर कसबा पेठ-सोमवार पेठ भागात ३६.१ टक्के. घराच्या प्रकारानुसार पाहिलं तर झोपड्यांत राहणाऱ्यांत सुमारे ६२ टक्के, बंगल्यांत ४३.९ आणि फ्लॅटमध्ये ३३.२ टक्के. ज्यांचं शौचालय सामायिक होतं त्यांच्यात ६२.३ टक्के, स्वतःचं होतं त्यांच्यात ४५.३.

आता सामायिक शौचालय असलेली घरं लहानही असतात, दाटीचीही असतात आणि तिथली माणसं घरून काम करू शकणारी नसतात. त्यामुळे सगळा दोष शौचालयाचाच, असं या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. पण घर आणि संडास यांचा साथीशी संबंध आहे हे कुणाला नाकारता येऊ नये इतकं यातून नक्की कळतं. वाईट एवढंच वाटतं की या निकालांवर चर्चा झाली ती ‘मग आता आपण सुरक्षित का?’ या अंगाने. संडासांची चर्चा फारशी कुणी केली नाही.

एवढ्या मोठ्या शहरात काही हजार नमुने पुरतात?

पुरतात, पण कसे निवडले यावर सगळं अवलंबून आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, पण पातेलं नीट ढवळलेलं असेल तर. तळाचा भात करपलाय की नाही हे वरच्या शितावरून कळत नाही.

निव्वळ गणित असं: ४०० लोक खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडले आणि निम्म्यांत प्रतिपिंडं निघाली, तर खरं उत्तर साधारण ४५ ते ५५ टक्क्यांच्या मध्ये असतं. शहर दहा लाखांचं आहे की एक कोटीचं, याने या फरकाच्या पट्ट्यात जवळजवळ काहीच बदल होत नाही. लोकांना हे पटायला जड जातं, पण ते खरं आहे.

अडचण दुसरीकडे आहे. पथक प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकून एक माणूस दहिसरला आणि दुसरा वडाळ्याला गाठत नाही. काही गल्ल्या, काही इमारती निवडल्या जातात आणि त्यांतल्या घरांतून नमुने घेतले जातात. संसर्ग घराघरांत, गल्लीगल्लीत झुबक्यांनी पसरतो. एका गल्लीतले वीस जण म्हणजे वीस स्वतंत्र माहित्या नव्हेत. म्हणून अशा वेळी तेवढीच अचूकता हवी असेल तर नमुने दुप्पट किंवा त्याहूनही जास्त घ्यावे लागतात, किंवा उत्तराचा पट्टा रुंद मानावा लागतो. चांगलं सर्वेक्षण एका घरातून एकच व्यक्ती घेतं, आणि तीही दार उघडणारी नव्हे, तर वय आणि स्त्री-पुरुष पाहून ठरवलेली.

लोकांनी रक्त द्यायला नकार दिला तर?

तर आकडा वाकडा होतो आणि कुठल्या बाजूला वाकला हे सांगता येत नाही. ज्याला ‘मला होऊन गेला असावा’ असं वाटतं तो उत्सुकतेने हात पुढे करतो; आकडा फुगतो. ज्याला बोभाट्याची भीती वाटते तो दार लावून घेतो, आकडा आटतो. सोसायटीच्या फाटकाशीच पथक अडवलं गेलं तर इमारतच्या इमारत हिशोबातून जाते. मुंबईच्या पहिल्या फेरीत ठरवल्यापेक्षा जवळपास दोन हजार नमुने कमी मिळाले, हे विसरू नये.

म्हणून अहवालात टक्केवारीच्या आधी मी एक गोष्ट शोधतो: किती जणांना विचारलं आणि किती जण ‘हो’ म्हणाले. ती दिली नसेल तर दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांना काही अर्थ नाही.

रक्तपेढीतलं किंवा दवाखान्यात उरलेलं रक्त वापरलेलं चालतं का?

चालतं, स्वस्तही पडतं, मात्र ते रक्त कुणाचं आहे हे लक्षात ठेवायचं. मार्च २०२१ मध्ये मुंबईत हीच पद्धत वापरली. इतर तपासण्यांसाठी आलेल्या रक्तातून उरलेले, नावं काढून टाकलेले १०,१९७ नमुने सर्व २४ विभागांतून घेतले. एकूण ३६.३ टक्के लोकांत प्रतिपिंडं मिळाली. पालिकेच्या दवाखान्यांतल्या नमुन्यांत ४१.६१ आणि खासगी प्रयोगशाळांतल्या नमुन्यांत २८.५९. पालिकेच्या दवाखान्यात कोण जातं आणि खासगी प्रयोगशाळेत कोण, हे ओळखून झोपडपट्टी आणि इमारती यांच्याविषयी अंदाज बांधता आला.

यात मेख अशी की दोन्हीकडे आलेले लोक काही ना काही तक्रार घेऊन आलेले असतात. रक्तदाते उलट, धडधाकट आणि ठरावीक वयातले. न्यूयॉर्कमध्ये एप्रिल २०२० मध्ये किराणा दुकानांबाहेर लोकांना गाठून नमुने घेतले होते. शहरात २१ टक्क्यांच्या आसपास निघाले. पण त्या दिवसांत जो घराबाहेरच पडत नव्हता तो दुकानाशी सापडणार कसा? प्रत्येक पद्धतीत कुणीतरी सुटतं. कोण सुटलं हे सांगितलेलं असलं की काम भागतं.

चाचणी चुकू शकते का?

चुकते, दोन्हीकडून. संसर्ग झालेल्या काहींमध्ये प्रतिपिंडं सापडत नाहीत आणि न झालेल्या काहींमध्ये ‘सापडतात’. या चुका किती नडतात हे साथ किती पसरली आहे त्यावर ठरतं.

समजा चाचणी संसर्ग झालेल्या शंभरांतल्या ९० जणांना ओळखते आणि न झालेल्या शंभरांतल्या ९८ जणांना बरोबर ‘नाही’ म्हणते. वाचायला छान वाटतं. आता हजार लोकांत खरोखर १० जणांनाच संसर्ग झाला असेल तर त्यातले ९ सापडतील. उरलेल्या ९९० मधले सुमारे २० जण चुकून ‘होय’ ठरतील. म्हणजे एकूण २९, त्यातले २० खोटे. खरा एक टक्का आपण जवळपास तीन टक्के म्हणून जाहीर करू. तीच चाचणी ५०० जणांना संसर्ग झालेल्या हजारांत वापरली तर ४५० खरे आणि १० खोटे सापडतील, म्हणजे ४६ टक्के. इथे उलट आकडा कमी दिसला.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत एप्रिल २०२० मध्ये नेमकं या दुखण्यावर बोट पडलं. ३,३३० लोकांत ५० जण ‘होय’ निघाले आणि नोंदीपेक्षा पन्नास ते पंच्याऐंशी पट संसर्ग झाल्याचा निष्कर्ष निघाला. संख्याशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की चाचणीच्या खोट्या ‘होय’चं प्रमाण थोडं जास्त धरलं तर ते ५० च्या ५० खोटे असू शकतात. शिवाय लोक फेसबुकवरच्या जाहिरातीतून आलेले होते. दाट वस्तीत ५७ टक्के निघतात तेव्हा खोट्या ‘होय’ने चित्र पालटत नाही, दीड टक्का निघतो तेव्हा सगळंच पालटू शकतं.

या चुकांसाठी आकडा दुरुस्त करण्याचं सूत्र आहे आणि ते सोपं आहे. जाहीर केलेला आकडा कच्चा आहे की दुरुस्त केलेला, एवढं अहवालात शोधा.

मुंबईत दुसऱ्या फेरीत ५७ चे ४५ झाले. होऊन गेलेला आजार पुसला जातो का?

आजार झाला ही गोष्ट पुसली जात नाही, खूण पुसट होते. ऑगस्ट २०२० च्या दुसऱ्या फेरीत त्याच तीन विभागांतून ५,८४० नमुने घेतले. झोपडपट्टीत ४५ टक्के, बाहेर १८. महिन्याभरात तिथल्या बारा टक्के लोकांचा संसर्ग ‘रद्द’ झाला, असं तर होणार नाही.

एक कारण असं की माणसं नवी होती. दोन फेऱ्यांत थोडा फरक निव्वळ निवडीमुळे पडतो. दुसरं जास्त महत्त्वाचं. कोरोनाच्या विषाणूत आतला भाग धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, त्याला न्यूक्लिओकॅप्सिड म्हणजे ‘एन’ म्हणतात. बाहेरच्या काट्यांचं प्रथिन म्हणजे स्पाइक, ‘एस’. मुंबईत वापरलेली चाचणी ‘एन’विरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी होती. ती प्रतिपिंडं तुलनेने लवकर ओसरतात, त्यातही सौम्य आजार झालेल्यांत. पुण्याने ‘एस’विरुद्धची प्रतिपिंडं मोजली, ती जास्त टिकतात. म्हणून मुंबईचे ५७ आणि पुण्याचे ५१.५ शेजारी ठेवून कुठलं शहर ‘पुढे’ असं म्हणणंच चुकीचं आहे.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. साथ जुनी होत जाईल तसा एकाच फेरीचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू लागतो. तीच माणसं काही महिन्यांनी पुन्हा तपासली तर ओसरण्याचा वेग कळतो आणि दुरुस्ती करता येते. हे खर्चाचं आणि चिकाटीचं काम आहे, आणि आपल्याकडे ते फार कमी झालं.

लस घेतल्यावरही प्रतिपिंडं येतात. मग संसर्ग ओळखायचा कसा?

कोविशील्ड शरीराला फक्त स्पाइक दाखवते. त्यामुळे ती घेतलेल्या माणसात ‘एस’ची प्रतिपिंडं आहेत पण ‘एन’ची नाहीत, तर ती बहुधा लशीची, ‘एन’ची असतील तर संसर्ग होऊन गेलेला. कोव्हॅक्सिन मात्र निष्क्रिय केलेल्या अख्ख्या विषाणूची लस आहे, तिच्यामुळे ‘एन’चीही प्रतिपिंडं येऊ शकतात. भारतात दोन्ही लशी एकाच गल्लीत दिल्या गेल्या. म्हणून २०२१ च्या मध्यानंतरच्या सर्वेक्षणांत लस कोणती आणि कधी घेतली हे विचारल्याशिवाय संसर्ग मोजता येत नव्हता.

आज नमुना घेतला तर आजचीच स्थिती कळते का?

नाही. प्रतिपिंडं मोजता येण्याइतकी व्हायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. त्यात नमुने गोळा करणं, तपासणं, अहवाल लिहिणं आणि तो जाहीर करायचा की नाही हे ठरणं. बातमी छापून येते तोवर आकडा महिन्याभरापूर्वीचा झालेला असतो.

या सर्वेक्षणांवरून मृत्यूचं खरं प्रमाण कळतं का?

काही अंशी. नोंदलेल्या रुग्णांनी मृत्यूंना भागलं तर प्रमाण मोठं दिसतं, कारण बहुतेक सौम्य रुग्ण नोंदलेलेच नसतात. सर्वेक्षणातून संसर्ग झालेल्यांचा अंदाज येतो. त्याने भागलं की प्रमाण खाली येतं. मुंबईच्या पहिल्या फेरीनंतर ते ०.०५ ते ०.१० टक्के असल्याचं सांगितलं गेलं.

हा आकडा जपून वापरायला हवा. तळाशी संसर्गाचा अंदाज आला, पण वरची मृत्यूंची संख्या नोंदलेलीच राहिली. घरी दगावलेला, चाचणी न झालेला माणूस तिच्यात येत नाही. शिवाय झोपडपट्टीतली लोकसंख्या तरुण आहे आणि कोरोनाने घात केला तो मुख्यतः म्हाताऱ्यांचा. म्हणून कमी निघालेल्या प्रमाणाचा अर्थ ‘आजार सौम्य’ असा घेऊ नये.

इतक्या लोकांना होऊन गेला, म्हणजे समूह प्रतिकारशक्ती आली ना?

सगळ्यात जास्त विचारला गेलेला आणि सगळ्यात जास्त नुकसान केलेला प्रश्न हाच.

सूत्र पाठ करून बरेच जण बोलत होते: एक रुग्ण सरासरी तिघांना लागण करत असेल तर दोन तृतीयांश लोक रोगक्षम झाले की साथ ओसरते. सूत्र बरोबर आहे, पण ते काही गोष्टी गृहीत धरतं. लोक एकसारखे मिसळतात, एकदा झालं की पुन्हा होत नाही आणि विषाणू बदलत नाही. तिन्ही गृहीतं कोसळली.

ब्राझीलमधल्या मनाउस शहरात रक्तदात्यांच्या नमुन्यांवरून, प्रतिपिंडं ओसरल्याचा हिशोब धरून, ऑक्टोबर २०२० पर्यंत ७६ टक्के लोकांना संसर्ग झाल्याचा अंदाज होता. जानेवारी २०२१ मध्ये तिथे इतकी भयंकर लाट आली की रुग्णालयांतला प्राणवायू संपला. अंदाज थोडा फुगलेला असेल, प्रतिकारशक्ती उतरली असेल, गामा हा नवा प्रकारही तेव्हाच पसरला. दिल्लीत जानेवारी २०२१ च्या सर्वेक्षणात ५६.१३ टक्के निघाले आणि ‘आपण उंबरठ्यावर आहोत’ असं बोललं जाऊ लागलं. एप्रिलमध्ये त्याच दिल्लीत दिवसाला २८ हजारांवर रुग्ण सापडत होते आणि माणसं रुग्णालयांच्या दारात प्राण सोडत होती.

मुंबईत वेगळ्या तऱ्हेने तेच. इमारतींत २०२० मध्ये प्रमाण कमी राहिलं होतं. २०२१ च्या सुरुवातीला नव्या रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के इमारतींमधले असल्याचं पालिकेच्या आकडेवारीत दिसलं. (इमारतींतले लोक चाचणीही जास्त करतात, हे त्यात धरायला हवं.) शहराची सरासरी काढली की जिथे वणवा अजून पोचलेला नाही ते रान दिसेनासं होतं.

ऑगस्ट-सप्टेंबर २०२१ च्या पाचव्या फेरीत मुंबईत ८,६७४ नमुन्यांपैकी ८६.६४ टक्क्यांत प्रतिपिंडं होती, आणि ७ जानेवारी २०२२ ला ओमायक्रॉनच्या लाटेत एका दिवसात २०,९७१ रुग्ण नोंदले गेले. आधीच्या लाटेच्या शिखरापेक्षा हे जवळपास दुप्पट. मृत्यू मात्र त्या लाटेच्या मानाने खूप कमी राहिले. प्रतिपिंडं असणं आणि लागण न होणं या दोन गोष्टी एक नव्हेत. आजार गंभीर होण्यापासून मिळणारं संरक्षण त्याहून जास्त टिकतं.

माझ्या रक्तात प्रतिपिंडं निघाली, तर मी निर्धास्त राहू का?

नाही. सर्वेक्षणाची चाचणी वस्तीसाठी असते, तुमच्यासाठी नाही.

लहान मुलांचं सर्वेक्षण वेगळं का केलं?

दुसऱ्या लाटेनंतर ‘तिसरी लाट मुलांवर येणार’ अशी भीती सगळीकडे होती. मुंबईत १ एप्रिल ते १५ जून २०२१ या काळात १८ वर्षांखालच्या मुलांचे २,१७६ नमुने तपासले, ५१.१८ टक्क्यांत प्रतिपिंडं सापडली. म्हणजे घरी बसलेल्या निम्म्या मुलांना संसर्ग आधीच होऊन गेला होता, बहुतेकांच्या आईवडिलांच्या नकळत. त्या भीतीला या आकड्याने थोडा आळा बसला. एखाद्या सर्वेक्षणाने माणसांना दिलासा दिल्याचं हे उदाहरण मला आवडतं.

कोरोनाशिवाय इतर आजारांसाठी हे करतात का?

कितीतरी आधीपासून. गोवर, रुबेला, कावीळ ब यांच्यासाठी जगभर करतात. भारतात डेंग्यूचं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१७-१८ मध्ये झालं. १५ राज्यांत ४८.७ टक्के लोकांना कधी ना कधी डेंग्यू होऊन गेल्याचं त्यातून दिसलं. डेंग्यूत आणखी गुंता असा की त्याची प्रतिपिंडं आणि झिकासारख्या भाऊबंद विषाणूंची प्रतिपिंडं यांत चाचणीची गफलत होऊ शकते.

सांडपाणी तपासून हेच कळत नाही का?

सांडपाण्यातून विषाणू आत्ता वाढतोय की घटतोय हे लवकर आणि कुणालाही न टोचता कळतं. किती जणांना होऊन गेला, कोणत्या वयात, कोणत्या घरांत, हे कळत नाही. शिवाय जिथे गटारच जोडलेलं नाही त्या वस्तीचं पाणी नमुन्यात येतच नाही, आणि नेमकी तीच वस्ती बहुधा सगळ्यात दाट असते. दोन्ही पद्धती सोबत वापराव्यात.

पथक आमच्या दारात आलं तर काय विचारावं? निकाल मिळतो का?

ओळखपत्र पाहा. रक्त कशासाठी घेतायत, किती घेतायत, नंतर त्याचं काय करणार, नाव-पत्ता कुठे राहणार, हे विचारा. तुमची संमती लेखी घेतली पाहिजे, आणि ती न देण्याचा हक्क तुम्हाला आहे. लहान मुलाच्या बाबतीत पालकांची संमती लागते. नकार दिला म्हणून रेशन, लस किंवा दवाखाना यांतलं काहीही अडवता येत नाही.

निकाल द्यायचा की नाही हे त्या सर्वेक्षणाच्या आखणीवर असतं. नावं काढून टाकलेल्या नमुन्यांत तो देताच येत नाही, कारण कुठली नळी कुणाची हे कुणालाच माहीत नसतं. नाव ठेवलं असेल तर निकाल मागा. आणि वस्तीचा एकूण निकाल तर वस्तीला कळवलाच पाहिजे. ज्यांनी हात पुढे केला त्यांना आपल्या गल्लीचा आकडा वर्तमानपत्रातून कळावा, तोही कळला तर, हे बरोबर नाही. पुढच्या वेळी त्याच दारावर थाप मारायची असते.